परगावचा फ्लॅट: एजन्सीकडे सोपवावा की स्वतः सांभाळावा?

नोकरीनिमित्त एका शहरात राहायचे आणि गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट दुसऱ्या शहरात भाड्याने द्यायचा, ही आता मध्यमवर्गातली नेहमीची गोष्ट झाली आहे. भाडे वेळेवर जमा होत असते तोवर तो फ्लॅट कोण सांभाळतो याने फारसे काही बिघडत नाही. प्रश्न उभा राहतो तो काही अनपेक्षित घडल्यावर: छतातून पाणी झिरपू लागते, भाडेकरूची नोकरी जाते, करार संपूनही तो घर सोडत नाही, किंवा विजेचे बिल थकून मीटर काढून नेला जातो. माझा फ्लॅट पुण्यात बाणेरला आहे आणि मी नागपुरात राहतो. सुरुवातीची काही वर्षे तो एका व्यवस्थापन एजन्सीकडे होता. आता मी तो स्वतःच, त्याच इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या मदतीने सांभाळतो. या दोहोंपैकी काय निवडावे अशा विचारात जे असतील त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. करार नोंदवणे, पोलिसांना माहिती देणे, सोसायटीला आगाऊ कळवणे या गोष्टी दोन्ही पद्धतींत सारख्याच कराव्या लागतात, म्हणून त्यांचा विस्तार येथे करत नाही.

पैशाचे आधी बोलून घेतो. माझ्या एजन्सीचे शुल्क भाड्याच्या आठ टक्के होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. भाडे २८,००० रुपये धरले तर महिन्याला सुमारे २,६४० आणि वर्षाला ३१,७०० रुपयांच्या आसपास, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याहून थोडे अधिकच, जात असे. नवा भाडेकरू आला की त्याची दलाली निराळी. येथे एक मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर मोजताना ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि दुरुस्तीवर वर्षभरात एक रुपया खर्च झाला काय किंवा एक लाख झाले काय, ती तेवढीच राहते. एजन्सीचे शुल्क त्याखेरीज वेगळे वजा करता येत नाही, त्यामुळे ‘हा खर्च टॅक्समध्ये दाखवता येईल’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. स्वतः सांभाळायचे तर मदत करणाऱ्याचे मानधन, प्लंबर-इलेक्ट्रिशियनची बिले आणि अधूनमधून पुण्याची खेप, एवढा खर्च येतो. माझ्या बाबतीत तो एजन्सीच्या शुल्काहून कमी भरतो, पण नागपूर-पुणे प्रवास आणि त्यासाठी घ्यावी लागणारी रजा धरली तर फरक इतका मोठा राहत नाही की केवळ त्याच्या जोरावर निर्णय घ्यावा.

एजन्सीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा थकबाकीचा आहे, आणि तो मी आजही मान्य करतो. आपण स्वतः भाडे मागतो तेव्हा आपल्याला भाडेकरूची परिस्थिती दिसत असते. त्याच्या आईचे ऑपरेशन झालेले असते, कंपनीने पगार अडवलेला असतो, आणि ‘पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो’ या शब्दावर आपण गप्प बसतो. पुढच्या महिन्यात तोच शब्द पुन्हा ऐकावा लागतो, आणि मग अनामत रकमेत आणखी किती महिने मावतील याचा हिशेब आपण मनातल्या मनात करू लागतो. एजन्सीला ही भीड नसते. भाड्याची तारीख उलटली की तिच्याकडून ठरावीक मजकुराचा संदेश जातो, आठवड्याने दुसरा जातो, त्यानंतर नोटीस, आणि या सगळ्यात घरमालकाचे नाव वाईट होत नाही. एजन्सीच्या काळात माझे भाडे क्वचितच रखडले. स्वतः सांभाळू लागल्यापासून ते अधूनमधून रखडते आणि मला अजूनही फोन उचलून कोरड्या आवाजात बोलणे नीटसे जमत नाही. ज्यांना हे अजिबात जमत नाही त्यांनी एजन्सीचा विचार गंभीरपणे करावा.

तथापि थकबाकी वाढून प्रकरण घर सोडण्या-न सोडण्यावर आले की एजन्सीचा उपयोग अर्ध्यावर थांबतो. महाराष्ट्रात यासाठी कायद्याचा आधार बऱ्यापैकी आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-कराराने, दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत बचावाची परवानगी मागण्याचे काम राहणाऱ्याचे असते. लेखी करार या कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून करार नोंदलेला असणे आणि मुदत संपण्यापूर्वी तो नव्याने करून घेणे याला दुसरा पर्याय नाही. शिवाय कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आता हा अर्ज करायचा तो मालकाने किंवा त्याने मुखत्यारपत्र दिलेल्या व्यक्तीने. माझ्या एजन्सीच्या करारात ‘न्यायालयीन व कायदेशीर कार्यवाही सेवेत समाविष्ट नाही’ असे बारीक अक्षरात छापलेले होते, आणि परिचितांनी दाखवलेल्या इतर एजन्सींच्या करारांतही या अर्थाचे वाक्य मला आढळले. म्हणजे नोटिशीपर्यंतची वाट एजन्सी चालते आणि वकिलाच्या दारापासून पुढे आपणच जायचे असते. सुदैवाने माझ्यावर तशी वेळ आली नाही, त्यामुळे या मुद्द्यावर मी दोन्ही पद्धतींना जवळपास सारखेच गुण देईन. नूतनीकरणाची आठवण वेळेवर करून देण्याचे श्रेय तेवढे एजन्सीला. आता तेच काम माझ्या फोनमधले कॅलेंडर करते.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशानेही झाला नाही. तो झाला गळतीमुळे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जुन्या-नव्या कोणत्याही इमारतीत घरमालकाच्या वाट्याला सर्वांत जास्त वेळा येणारी आपत्ती हीच असते असे माझे मत आहे.

माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. भाडेकरू म्हणून एक तरुण जोडपे आणि त्यांचे लहान मूल राहत होते. एका पावसाळ्यात त्यांनी एजन्सीच्या ॲपवर तक्रार नोंदवली की बाथरूमच्या छताला ओल आली आहे आणि रंगाचे पोपडे पडत आहेत. एजन्सीने तत्परतेने माणूस पाठवला. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो ॲपवर चढवले, आणि तक्रारीपुढे ‘निवारण झाले’ असा हिरवा शिक्का उमटला. बिल मी नागपुरात बसून मंजूर केले. पावसाळा संपला तरी ओल परत आली. पुन्हा तक्रार, पुन्हा खरवडणे, पुन्हा फोटो, पुन्हा हिरवा शिक्का. यानंतर बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, भाडेकरूंच्या कपाटामागे, काळी बुरशी धरली आणि मुलाचा खोकला हटेना असे त्या माउलीने मला थेट फोन करून सांगितले. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तो मला रागापेक्षा जास्त लागला.

पावसाळा संपल्यावरही टिकणारी ओल वरच्या मजल्यावरच्या नळातून किंवा सांडपाण्यातून येते, हे सांगायला कोणी अभियंता लागत नाही. प्रश्न एवढाच असतो की नेमकी कुठून. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे त्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची असते, आणि सदनिकेच्या आतून होणारी गळती ज्या त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. म्हणून आधी कारण सिद्ध करावे लागते, मग पैसे कोणी द्यायचे ते ठरते. कारण सिद्ध करण्यासाठी वरच्या घरात जावे लागते. मी एजन्सीला हे लेखी कळवले. एजन्सीने सोसायटीला ईमेल पाठवला. सोसायटीच्या कार्यालयाने उत्तर दिले की हा दोन सदस्यांमधला अंतर्गत विषय आहे. मग मी एजन्सीच्या प्रतिनिधीला फोन करून विनंती केली की आपण वर जाऊन त्यांच्याशी एकदा बोला. तो मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, “सर, वरचे ओनर आमचे क्लायंट नाहीत. आमचं अॅग्रीमेंट फक्त तुमच्या फ्लॅटपुरतं आहे.”

त्याचे म्हणणे कागदोपत्री बरोबर होते. पण एजन्सीच्या कामाची मर्यादा मला त्या एका वाक्यात कळली. माझ्या फ्लॅटच्या चार भिंतींच्या आत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी तिच्याकडे माणूस, दरपत्रक आणि फोटो होता. भिंतीपलीकडून येणाऱ्या संकटासाठी यांपैकी काहीच नव्हते. इमारतीतल्या फ्लॅटवर येणारी बहुतेक संकटे तर भिंतीपलीकडूनच येतात: वरून पाणी, शेजारून आवाज, खालून तक्रार, सोसायटीकडून पत्र. एका मजल्यावर जाऊन बेल वाजवायची, एवढेच काम होते, आणि मी दरमहा शुल्क भरत असूनही ते करायला माझ्या बाजूने पुण्यात कोणी नव्हते.

ते काम शेवटी इमारतीतल्या एका काकांनी, म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेल्या निवृत्त गृहस्थांनीच, केले. आमची ओळख सोसायटीच्या वार्षिक सभेतली, जुजबी. मी फोनवर परिस्थिती सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “प्लंबर तुमचा आणायचा की माझा?” प्लंबर त्यांचाच आला, इमारतीत वर्षानुवर्षे काम करणारा, त्यामुळे कोणत्या डक्टमध्ये कोणाचा कॉक आहे हे त्याला तोंडपाठ होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंचे म्हणणे होते की आमच्याकडे कुठेच गळत नाही. ते साहजिकच होते, कारण गळणारे पाणी वरच्याला कधी दिसत नसते. काका त्यांना म्हणाले, “वहिनी, तुमचं काही चुकलंय असं कोणी म्हणत नाही. एक दिवस दुसरं बाथरूम वापरा, आम्हाला पाणी साठवून बघू द्या.” या वाक्याने जे झाले ते ईमेलने झाले नसते असे माझे प्रांजळ मत आहे.

तपासणीची पद्धत येथे देतो, कारण ती माहीत असली की रंगाऱ्यावर होणारा खर्च वाचतो. प्लंबरने प्रथम वरच्या बाथरूमला पाणी देणारा कॉक रात्रभर बंद ठेवला. खाली थेंब पडणे थांबले असते तर दोष इनलेटच्या पाइपात, म्हणजे सतत दाबाखाली असलेल्या लाइनमध्ये, आहे असे धरता आले असते. ते थांबले नाही. मग त्याने न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे सांडपाणी जिथून खाली जाते त्या जागेच्या, तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला, फरशीवर दोन बोटे पाणी साठवले, त्यात थोडा रंग कालवला आणि भिंतीच्या टाइलवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली गेलेले होते आणि माझ्या छतावरून टिपलेल्या कापसावर फिकट गुलाबी डाग आला होता. दोष न्हाणी ट्रॅपच्या भोवतालच्या सांध्यात निघाला. तेथून पाणी फरशीखालच्या भरावात मुरत होते आणि भराव भिजून गच्च झाल्यामुळे, नळ बंद असतानाही, सावकाश खाली उतरत होते. ट्रॅपभोवतीच्या फरश्या काढून सांधा नव्याने भरला, वॉटरप्रूफिंग केले, फरश्यांच्या जोडांत इपॉक्सी भरले. वरच्यांनी त्यांच्या बाथरूमचा खर्च खळखळ न करता दिला, कारण रंगीत कापूस त्यांनी स्वतः पाहिला होता. माझ्या छताचा खर्च मी केला. भराव पूर्ण सुकेपर्यंत छत रंगवू नका, असे प्लंबरने बजावले होते आणि त्याप्रमाणे आम्ही ते हिवाळाभर तसेच उघडे ठेवले. त्यानंतर ओल आली नाही.

यावर कोणी म्हणेल की चांगली एजन्सी हे करू शकेल, आणि ते शक्य आहे. मी एकाच एजन्सीचा अनुभव सांगतो आहे. परंतु अडचण माणसांच्या कुवतीची नसून व्यवस्थेच्या रचनेची आहे असे मला वाटते. एजन्सीचे काम तक्रारीने सुरू होते आणि तक्रार बंद झाली की संपते. तक्रार नोंदवण्याचा अधिकार भाडेकरूला असतो आणि मंजुरीचा मालकाला. इमारतीतल्या तिसऱ्या माणसाला त्यात जागाच नाही. पुढे एकदा याच्या उलट प्रसंग घडला, माझ्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप सुटून दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या माळ्यावर पाणी उतरले. त्यांनी सरळ काकांचे दार वाजवले, काकांनी माझ्या भाडेकरूला कळवून कॉक बंद करायला लावला, आणि संध्याकाळी पाइप बदलून झाल्यावर मला नागपूरला फोन आला. एजन्सीच्या काळात हे घडले असते तर खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार कोणाकडे करायची होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता काकांच्या पद्धतीचे तोटेही सांगितले पाहिजेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. पहिला तोटा असा की ही व्यवस्था एका माणसावर उभी असते आणि तो माणूस साठीच्या पुढचा असतो. आमचे काका दर उन्हाळ्यात परदेशात लेकीकडे जातात आणि ते महिने मला जिवात जीव नसल्यासारखे वाटतात, त्यातही पुण्याच्या त्या भागात एप्रिल-मेमध्ये पाण्याचे टँकर सुरू होतात आणि भाडेकरूंच्या तक्रारी वाढतात. दुसरा तोटा भीडेचा. ते मानधन घ्यायला तयार नव्हते; फुकटचे काम किती दिवस सांगणार या विचाराने मी आग्रह धरला, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर महिन्याला ठरावीक रक्कम त्यांनी स्वीकारली. ही गोष्ट पहिल्याच महिन्यात ठरवावी, नंतर ती अवघड होत जाते. तिसरा तोटा थोडा नाजूक आहे. इमारतीतला ज्येष्ठ माणूस घराबरोबर घरातल्या माणसांवरही लक्ष ठेवू लागतो. भाडेकरूंकडे रात्री कोण आले, मांसाहार शिजतो का, मित्र किती वाजता गेले, याची वार्ता मला न मागता मिळू लागली आणि इकडे भाडेकरूची कुरकुरही कानावर आली. मला काकांना शक्य तितक्या आदबीने सांगावे लागले की पाइप, बिले आणि सोसायटीची पत्रे एवढेच आपण बघू, बाकी त्यांचा संसार त्यांच्याकडे. त्यांना ते रुचले नाही, पण त्यांनी पाळले. एजन्सीला भाडेकरूच्या खासगी आयुष्यात रस नसतो, आणि भाडेकरूच्या दृष्टीने हा तिचा मोठाच गुण आहे.

रात्री-अपरात्री येणारे फोन हा चौथा तोटा म्हणता येईल. गिझर चालत नाही, वाय-फायचा माणूस आत सोडत नाहीत, वॉचमनने पार्किंगवरून हटकले, असे सगळे आता माझ्याकडे येते. त्यातले निम्मे प्रश्न उत्तर न देताही सकाळपर्यंत सुटतात हे कळायला मला काही काळ लागला.

काही बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी ठरतात, आणि तेथे मालकाने स्वतःच खबरदारी घ्यावी. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाशी भाडेकरूचा किंवा एजन्सीचा मोबाइल जोडू नये, आपलाच जोडावा. बिलाचा आणि थकबाकीचा संदेश आपल्याला आला की मीटर काढून नेण्याची वेळ येण्याआधी हालचाल करता येते. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः तेथे राहत नसल्याबद्दलचे शुल्क, लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरता येत नाहीत. माझ्या मेन्टेनन्सच्या बिलात ते एकदा वाढून आले होते. एजन्सी बिल जसेच्या तसे पुढे पाठवत असे. ते वाचून सेक्रेटरींना पत्र लिहिणे माझेच काम होते, आणि काकांनी ते पत्र हातोहात दिल्याने दुरुस्ती लवकर झाली एवढेच.

हमी भाड्याची एक तिसरी जात अलीकडे बरीच दिसते, तिच्याबद्दल दोन शब्द. यात कंपनी आपला फ्लॅट स्वतः भाड्याने घेते, पुढे आपल्या भाडेकरूंना देते, आणि घर रिकामे असो वा भरलेले, आपल्याला ठरलेली रक्कम देण्याचे कबूल करते. वरवर पाहता अनपेक्षित असे काही उरतच नाही. पण अशा करारांत अपरिहार्य परिस्थितीचे एक कलम असते. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना दिली होती. त्या काळात माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची ‘हमी’ याच कलमाच्या आधारे स्थगित झाली, आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांशी त्यांचा कोणताही करार नसल्याने त्यांना बोलायलाही कोणी नव्हते. मी स्वतः हा मार्ग वापरलेला नाही, म्हणून त्यावर यापेक्षा कठोर मत देणे योग्य होणार नाही. आपला फ्लॅट आणि त्यात राहणारा माणूस यांच्यामध्ये आणखी एक कंपनी उभी करावी असे मला वाटत नाही, एवढेच म्हणतो.

मग एजन्सी कोणी घ्यावी? अनिवासी भारतीयांनी घ्यावी असे मी निःसंकोच सांगेन. मालक अनिवासी असला की भाडे कितीही कमी असो, भाडेकरूला त्यातून ३० टक्के दराने, अधिक उपकर, असा कर कापून भरावा लागतो, आणि हे प्रत्येक भाडेकरूला समजावून त्याच्याकडून करवून घेणे दुसऱ्या देशातून जमण्यासारखे नाही. ज्यांचे तीन-चार फ्लॅट वेगवेगळ्या इमारतींत आहेत त्यांनाही प्रत्येक ठिकाणी एक काका सापडणे कठीण. नुकताच ताबा मिळालेल्या, निम्म्या रिकाम्या टॉवरमध्ये ओळखीचे कोणी नसते, तेथेही पहिली दोन वर्षे एजन्सीच बरी. नात्यातल्या कोणाला, विशेषतः पुण्यात शिकणाऱ्या भाच्या-पुतण्याला हे काम सांगावे अशी सूचना घरातून हमखास येते. ती शक्यतो टाळावी, कारण नेमकी परीक्षेच्या दिवसांत पाण्याची मोटार जळते आणि मग बहिणीशी बोलताना जपून बोलावे लागते.

बाकी ज्यांचा एकच फ्लॅट आहे, जे वर्षातून एक-दोनदा त्या शहरात जाऊ शकतात आणि ज्यांना इमारतीत एक तरी जबाबदार माणूस माहीत आहे, त्यांनी स्वतः सांभाळण्याचा प्रयत्न करून पाहावा, असे माझे मत झुकते. भाडेकरू शोधणे आणि करार नोंदवणे ही दोन कामे मी अजूनही दलालाला देतो. ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू एकाच जागी असण्याची गरज नसते, मी नागपुरात अंगठा देतो आणि ते पुण्यात देतात, त्यामुळे तेवढ्यासाठी वर्षभर कोणाला शुल्क देण्याचे कारण उरत नाही. एका महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवतो आणि ५,००० रुपयांपर्यंतचे काम मला न विचारता करून घ्या असे काकांना लिहून दिले आहे.

आणि एजन्सीच घ्यायची ठरली, तर सही करण्यापूर्वी तिला एक गोष्ट जरूर विचारावी: माझ्या वतीने सोसायटीशी आणि वरच्या-खालच्या सदनिकाधारकांशी प्रत्यक्ष भेटून बोलण्याचे अधिकारपत्र मी दिले, तर तुम्ही ते स्वीकाराल का, आणि शेजाऱ्यांना तक्रार करण्यासाठी कोणाचा फोन नंबर द्याल? माझ्या एजन्सीने तसे पत्र घेण्यास नकार दिला होता. अलीकडे काही एजन्सी ते घेतात आणि इमारतीच्या कार्यालयात आपल्या माणसाचा नंबर लावून ठेवतात असे कानावर येते. तशी एखादी तुम्हाला मिळाली, तर वर मी जे लिहिले आहे त्यातला माझा कौल तुम्ही बराच सैल धरावा.